जुना पेंटियम आणि आत्याचं वाचनालय

शनिवारी सकाळी दहापर्यंत झोपणे हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो आत्याला मान्य नाही. परवा साडेसातला फोन.

"झोपलायस का रे अजून? बरं, ते कॉम्प्युटरचं काय ठरलं? त्याला आता पुढचं काही मिळणार नाही म्हणालास ना. मग देऊन टाकू का भंगारवाल्याला? तो आलाय दारात."

मी ताडकन उठून बसलो. "अगं आत्या, थांब! काही देऊ नकोस. मी येतो पुढच्या आठवड्यात."

फोन ठेवल्यावर झोप उडालीच होती. चहा केला आणि विचार करत बसलो की एका वीस वर्षं जुन्या डब्यासाठी मी एवढा का ओरडलो? म्हटलं लिहूनच काढू.

आधी थोडी पार्श्वभूमी. आत्या शाळेतून निवृत्त झाली आणि गावातलं वाचनालय सांभाळायला लागली. संध्याकाळी चार ते सात. तिथे कुणीतरी देणगी म्हणून दिलेला एक पेंटियम ४ आहे, २००४ सालचा, ३२-बिटचा. त्याला जोडलेला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर वर्गणीच्या पावत्या छापतो. मशीनवर एक्सपी होतं, आणि एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्येच संपला होता. पुस्तकांची यादी एका जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये होती, म्हणजे दुसऱ्या मशीनवर उघडली की सगळी अगम्य चिन्हं.

२०२१ मध्ये घरून काम चालू होतं तेव्हा मी काही महिने गावी होतो. रिकामा वेळ आणि हाताशी एक जुनं मशीन. इंजिनियरला आणखी काय लागतं? :) मुंबईच्या मित्राकडून लॅमिंग्टन रोडवरून जुनी रॅम मागवली, १ जीबी केली, आणि नुकतंच आलेलं डेबियन ११ टाकलं. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डेबियन ही लिनक्सची एक जुनी आणि भरवशाची आवृत्ती. उबुंटू तिच्यावरच बेतलेलं आहे.) यादी युनिकोडमध्ये आणली. प्रिंटर जोडला तर काही न करता सापडला. देवनागरी पावती ग्राफिक्स मोडमध्ये कर्र कर्र करत हळूहळू बाहेर पडते, पण पडते. मशीन सुरू व्हायला दोनेक मिनिटं लागतात. आत्या तेवढ्यात उदबत्ती लावते. कोणाची काही तक्रार नव्हती.

२०२३ मध्ये डेबियन १२ वर नेलं, तेही सुरळीत झालं. मग ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आलं. त्याच्या रिलीज नोट्समध्ये स्वच्छ लिहिलं होतं: ३२-बिट इंटेल मशीनसाठी आता कर्नल नाही, इन्स्टॉलर नाही. ज्यांच्याकडे असं मशीन आहे त्यांनी अपग्रेड करू नये. ३२-बिट पॅकेजेस राहतील, पण ती ६४-बिट मशीनवर जुने प्रोग्रॅम चालवण्यापुरती.

माझी पहिली प्रतिक्रिया तुमचीही झाली असती तीच. चिडचिड. ज्या ओपन सोर्सबद्दल आपण कॉलेजपासून सगळ्यांना लेक्चर देत आलो, तेही शेवटी असंच? मग त्यांच्यात आणि बाकीच्यांत फरक तो काय राहिला?

एक जळजळीत पोस्ट अर्धी लिहूनही झाली होती. ती पुसायला कारण झालं आमचंच अ‍ॅप.

मी ज्या अ‍ॅपवर काम करतो त्यात गेल्या वर्षी आम्ही किमान अँड्रॉइड व्हर्जन वाढवलं. एका फाइलमध्ये एक आकडा बदलायचा असतो. स्टँडअपमध्ये कोणीतरी म्हणालं, जुन्या व्हर्जनचे युजर्स फार कमी आहेत, टेस्टिंगचा वेळ वाचेल. कोणाला ऑब्जेक्शन? कोणालाच नव्हतं. मलाही नव्हतं. दोन मिनिटांत विषय संपला. महिन्याभराने आत्याने तिच्या मोबाइलच्या स्क्रीनचा दुसऱ्याच्या मोबाइलवरून काढलेला वाकडा फोटो पाठवला. हे अ‍ॅप तुमच्या फोनवर चालणार नाही, असा मेसेज. खाली आत्याचा प्रश्न: "हे तुझंच ना रे?"

तर डेबियनवाल्यांना शिव्या घालायच्या आधी मी त्यांची बाजू नीट वाचायची ठरवली. आणि ती बाजू कच्ची नाही.

लिनक्सचा जन्मच मुळी एका ३८६ वर झाला. लिनस टॉरवाल्ड्सने १९९१ च्या जानेवारीत घेतलेला पीसी, आणि त्याच वर्षी २५ ऑगस्टला त्याने आपण एक छोटीशी ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय असं जाहीर केलं. ती ३८६ साठीच होती. आणि डिसेंबर २०१२ मध्ये त्याच लिनक्समधून ३८६ चा सपोर्ट काढून टाकला गेला. टॉरवाल्ड्सने आपण भावुक वगैरे नाही म्हणत तो बदल घेऊन टाकला. म्हणजे ज्या मशीनवर लिनक्स जन्मलं, त्यावर नवं लिनक्स सुरूच होणार नाही!

कारण काय? ३८६ मध्ये काही सूचनाच नव्हत्या. ४८६ मध्ये एक सूचना आली, जी मेमरीतली किंमत तपासून बदलण्याचं काम एका दमात करते. आजच्या मल्टिकोअर मशीनमध्ये दोन कोअर एकाच वेळी एकाच गोष्टीला हात लावू नयेत म्हणून जी कुलपं लागतात, ती अशा सूचनांवर उभी असतात. ३८६ चालायला हवा तर कर्नलच्या अगदी गाभ्यात, सगळ्यांच्या वाटेत, "हे नसेल तर असं करा" लिहून ठेवायला लागतं. दर वेळी तो भाग बदलताना ते सांभाळायचं. आणि तपासायला कोणाकडे चालू ३८६ असतो? आता ४८६ ची पाळी आहे. टॉरवाल्ड्सने २०२२ मध्ये विषय काढला आणि एप्रिल २०२५ मध्ये तो सपोर्ट काढणारे पॅच मांडले गेले.

दुसरा मुद्दा सुरक्षेचा. २०१८ च्या जानेवारीत मेल्टडाउनचं प्रकरण झालं. ६४-बिट लिनक्सला त्यावरचा उपाय लगेच मिळाला. ३२-बिट कर्नलमध्ये तोच उपाय अधिकृतपणे आला कर्नल ४.१९ मध्ये, म्हणजे ऑक्टोबर २०१८ ला. कोणी मुद्दाम उशीर केला नाही, तिकडे बघणारे लोकच कमी उरले होते. ज्या कोडकडे कोणी बघत नाही तो कोड घरातल्या बंद खोलीसारखा असतो. आत काय वाढतंय कळत नाही. २०१५ मध्ये क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीनच्या प्रोग्रॅममध्ये एक भोक सापडलं, व्हेनम नावाचं. ते कुठे होतं माहितीये? फ्लॉपी ड्राइव्हची नक्कल करणाऱ्या कोडमध्ये! २००४ पासून. क्लाउड सर्व्हरमध्ये फ्लॉपी कोण घालतंय? पण कोड होता, म्हणून भोक होतं.

हे सगळं वाचल्यावर "जुनं ते सगळं कायम चालू ठेवा" म्हणायची माझी हिंमत राहिली नाही. जे काम करतात त्यातले बरेच जण फुकट करतात. त्यांच्या शनिवार-रविवारवर माझा काय हक्क? माझ्या झोपेवर आत्याचा आहे, तेवढाही नाही.

मग जुन्या हार्डवेअरच्या सपोर्टला काही किंमत आहे की नाही? आहे. आणि ती "अहाहा, काय ते दिवस" या टाइपची नाही.

एक तर सरळ पैशाची आणि कचऱ्याची गोष्ट. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातल्या पाव हिश्श्याचीसुद्धा रीतसर गोळा करून पुनर्वापर झाल्याची नोंद नाही. उरलेला कुठे जातो? बराचसा दिल्लीच्या सीलमपूरसारख्या ठिकाणी, जिथे माणसं हाताने बोर्ड सुटे करतात. लॅपटॉपच्या आयुष्यातला कार्बनचा मोठा वाटा तो वापरताना नाही, बनतानाच खर्च झालेला असतो. त्यामुळे मशीन आणखी चार वर्षं चाललं तर ते पर्यावरणासाठी केलेल्या इतर बऱ्याच नाटकांपेक्षा जास्त कामाचं. (हेही कबूल की पेंटियम ४ वीज खातो. चोवीस तास चालवायचा तर नवा मिनी पीसी परवडेल. पण दिवसाला तीन तासांसाठी नाही.)

दुसरी गोष्ट जरा तांत्रिक, पण मला सगळ्यात आवडणारी. जुनी आणि वेगळी मशीन्स सॉफ्टवेअरच्या चुका बाहेर काढतात. ओपनबीएसडीवाले हे मुद्दाम करतात. त्यांची सिस्टिम ते अनेक प्रकारच्या प्रोसेसरवर, खुद्द त्या-त्या मशीनवरच बांधतात. उदाहरणार्थ सनचा स्पार्क ६४. इंटेलचा प्रोसेसर फार समजूतदार असतो. तुम्ही चुकीच्या पत्त्यावरून चार बाइट वाचायला गेलात तरी तो गुपचूप वाचून देतो. स्पार्क तिथल्या तिथे प्रोग्रॅम पाडतो. शिवाय त्याच्यात बाइटांचा क्रम उलटा. म्हणजे जी चूक इंटेलवर वर्षानुवर्षं झोपून राहिली असती, ती तिथे पहिल्या दिवशी सापडते. आणि ती दुरुस्त झाल्याचा फायदा तुमच्या-माझ्या नव्याकोऱ्या लॅपटॉपलाही होतो.

मला याचा छोटा अनुभव वाचनालयातच आला. कोणाकडे पुस्तकं थकली आहेत त्याची यादी काढायला मी पायथॉनमध्ये एक स्क्रिप्ट लिहिली होती. माझ्या लॅपटॉपवर एंटर मारलं की यादी तयार. पेंटियमवर चालवली आणि आत्याने चहा करून आणला तरी चालूच! बघतो तर मी प्रत्येक सभासदासाठी देवघेवीची सगळी फाइल पहिल्यापासून वाचत होतो. एकदाच वाचून डिक्शनरीत ठेवली आणि काम काही सेकंदांवर आलं. सोमवारी ऑफिसात आमच्या कोडमध्ये शोधलं तर अगदी हाच प्रकार तिथेही होता, आणि आम्ही त्यावर उपाय म्हणून सर्व्हरची रॅम वाढवत होतो. ती फाइल मीच लिहिलेली होती हे सांगायला नको.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. वस्तू कधी संपली हे कोण ठरवणार?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० हवं आणि साधारण २०१७ च्या शेवटी आलेल्या आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर हवा. म्हणजे २०१६ मध्ये कोणी चांगला आय-७ घेतला असेल, तर तो आजही झकास चालतो, पण अधिकृत यादीत नाही. त्यांची कारणं असतील. पण ती यादी बदलण्यासाठी तुम्ही-मी काही करू शकत नाही. किती हुशार असलो, किती वेळ द्यायला तयार असलो, तरी नाही. माझ्या काकांचा एक स्कॅनर होता. कंपनीने त्याचा ६४-बिट विंडोजसाठी ड्रायव्हर काढलाच नाही. काच चांगली, मोटर चांगली, आणि स्कॅनर कागदाचं वजन म्हणून वापरात. लिनक्सवर सेन नावाच्या प्रकल्पात कोणीतरी त्याचा ड्रायव्हर लिहून ठेवलेला होता. केबल जोडली, चालला. ज्याने तो लिहिला त्याला काका माहीत नाहीत आणि काकांना तो.

लिनक्सच्या कर्नलमध्येही एक साधा नियम आहे. ड्रायव्हर कर्नलच्या मूळ कोडमध्ये असला की कर्नलच्या आतली रचना बदलणाऱ्यानेच त्यावर अवलंबून असलेले सगळे ड्रायव्हर दुरुस्त करायचे असतात. ड्रायव्हर लिहिणारी कंपनी बुडाली, माणूस दुसरीकडे गेला, तरी ड्रायव्हर मागे पडत नाही. 

आणि जेव्हा एखादी गोष्ट मागे पडते, तेव्हाही दार बंद नसतं. २०१९ च्या जुलैत टॉरवाल्ड्सने फ्लॉपीच्या ड्रायव्हरला "अनाथ" असा शेरा दिला, कारण चालू फ्लॉपी ड्राइव्ह मिळणंच मुश्किल झालं होतं. नंतर एका डेव्हलपरने हात वर केला, मी सांभाळतो म्हणाला, आणि त्या ड्रायव्हरला पुन्हा वाली मिळाला. बस्स. अर्ज नाही, लायसन्स नाही.

फरक तो काय राहिला, या माझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. ओपन सोर्स तुम्हाला कायमच्या सपोर्टचं वचन देत नाही, देऊही शकत नाही. पण तिथे शेवटची तारीख विकणारा ठरवत नाही. काम करायला तयार असलेला शेवटचा माणूस उठून गेला की ती तारीख येते. आता मी ३२-बिटसाठी इतक्या वर्षांत काय केलं? फुकट घेतलं, वापरलं, कौतुक केलं. एकदाही टेस्टिंगचा रिपोर्ट पाठवला नाही. मग डेबियन १३ मधून ते गेलं तेव्हा, थोडासा का होईना, उठून गेलेल्यांत मीही होतो.

याचा अर्थ प्रकल्पवाल्यांनी कसंही तोडावं असा नाही. रेघ कुठे मारायची याचे चार प्रश्न मला सुचतात.

१. हा जुना कोड खरंच सगळ्यांच्या वाटेत येतोय का? ३८६ येत होता. कोपऱ्यात पडलेला एखादा ड्रायव्हर येत नाही.

२. कोणी तो सांभाळतंय का? सांभाळत असेल तर राहू द्या.

३. काढण्याचं कारण हार्डवेअरची खरी मर्यादा आहे, की आपला तपासायचा कंटाळा? (हा आमच्या स्टँडअपसाठी!)

४. लोकांना पुरेसा आधी सांगितलं का? मोझिलाने सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की ३२-बिट लिनक्ससाठी फायरफॉक्स १४४ हे शेवटचं, पण दीर्घ मुदतीच्या १४० या आवृत्तीला किमान सप्टेंबर २०२६ पर्यंत अपडेट देऊ. वाईट बातमी सांगायची ही पद्धत मला पटली.

या प्रश्नांवर डेबियनचा निर्णयही मला आता योग्य वाटतो. ६४-बिटचे प्रोसेसर २००३ पासून मिळतायत. पण उलटं उदाहरणही आहे. रेड हॅटचं २०२५ मध्ये आलेलं आरएचईएल १० चालायला प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स-२ लागतं. ते इंटेलमध्ये २०१३ ला आलं खरं, पण स्वस्तातले पेंटियम आणि सेलेरॉन त्यानंतरही कितीतरी वर्षं त्याच्याशिवाय विकले गेले, अगदी २०२० पर्यंत. म्हणजे पाच-सहा वर्षांपूर्वीची मशीन्सही बाहेर. मोठ्या सर्व्हरवाल्यांना ते ठीक असेल. पण त्याच्याच कोडवर उभ्या असलेल्या अल्मालिनक्सने आपल्या १० व्या आवृत्तीत जुन्या प्रोसेसरसाठी वेगळा बिल्ड ठेवला. मालक एकच नसला की हे होऊ शकतं.

काही ठिकाणी मात्र माझं मत अजून पक्कं नाही. डेबियनमध्ये पॅकेजेस बसवणारा एपीटी हा प्रोग्रॅम आहे, त्याच्या देखभाल करणाऱ्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं की त्यात रस्ट भाषेतला कोड सक्तीचा करायचा बेत आहे, मे २०२६ च्या आधी मात्र नाही. रस्टमुळे मेमरीच्या कितीतरी चुका होतच नाहीत, हा मोठा फायदा. पण अल्फा, एम६८के, एसएच४ असल्या जुन्या प्रोसेसरवर रस्ट धड पोचलेलंच नाही, त्यामुळे तिथल्या मूठभर लोकांवर गदा. कोट्यवधींची सुरक्षा एका बाजूला आणि मूठभरांचा छंद दुसऱ्या बाजूला असेल तर मी सुरक्षेकडे झुकेन. पण त्या मूठभरांना "तुमची खेळणी" म्हणून उडवून लावणं मला आवडत नाही. कालपर्यंत त्यांनीच सापडवलेल्या चुका दुरुस्त होऊन आपल्याकडे येत होत्या.

तर आता आपण, म्हणजे बत्तीस जीबी रॅमच्या लॅपटॉपवर बसून मिनिमम रिक्वायरमेंट्स लिहिणारे लोक, काय करू शकतो? फार नाही. घरात एखादं जुनं मशीन असेल तर ते विकून तीनशे रुपये घेऊ नका, ठेवा. तुम्ही वापरता त्या डिस्ट्रोची रिलीजआधीची आवृत्ती येते तेव्हा एक शनिवार तिच्यावर घालवा. चाललं तर चाललं म्हणून कळवा, नाही तर नीट बग रिपोर्ट लिहा. आणि ऑफिसात पुढच्या वेळी कोणी "ऑब्जेक्शन?" विचारलं तर निदान एवढं तरी विचारा की बाहेर पडणारे ते थोडे लोक नक्की कोण आहेत. मी विचारलं. उत्तर कोणाकडेच नव्हतं. व्हर्जन परत खाली आणलं का? नाही. पण जुन्या फोनसाठी वेबवरचं साधं पान ठेवायला टीम तयार झाली. आत्या आता तेच वापरते.

शेवटी वाचनालयाचं काय झालं?

ऑफिसातल्या एका मित्राच्या माळ्यावर २००८ सालचा कोअर टू ड्युओ पडून होता. चक्क ६४-बिट, आणि मागे पॅरलल पोर्टही! तो घेऊन गेल्या शनिवारी गावी गेलो. डेबियन १३ टाकलं, यादी आणली, प्रिंटर जोडला. पहिली पावती कर्र कर्र करत बाहेर आली. मी आत्याला सांगायला लागलो की हा प्रोसेसर कसा वेगळा आहे आणि याला पुढची कितीतरी वर्षं अपडेट कशी मिळणार. तिने चष्म्यातून पावती वाचली. "रकाना सरळ आलाय ना? मग झालं." आणि पुढच्या सभासदाला हाक मारली.

पेंटियम मी पुण्याला घेऊन आलोय. त्यावर नेटबीएसडी टाकलंय, ते पन्नासच्या वर प्रकारच्या मशीन्सवर चालतं आणि ३२-बिट इंटेल अजून सांभाळतं. आत्तापर्यंत दोन बग रिपोर्ट पाठवले. एक माझीच चूक निघाली. दुसऱ्याला उत्तर आलं: आणखी माहिती पाठवा.

तेव्हा हा शनिवार तिकडे. रूममेटला एवढंच सांगितलंय की तो डबा हॉलमध्ये दोन दिवसांपुरता आहे. :)